गोल किकपासून चेंडू खेळवत वर आणणे: सहा आठवड्यांच्या सराव नोंदी

काम एवढंच: गोल किक (समोरच्यांकडून चेंडू आपल्या गोलरेषेबाहेर गेला की मिळणारी किक) मिळाली की चेंडू लांब भिरकावून न देता पास करत मध्यरेषेपलीकडे न्यायचा, तोही समोरचे अंगावर येत असताना. खेळाडू १६, त्यात कीपर २, वय १३-१४. आठवड्याला ९० मिनिटांची दोन सत्रं, अर्धं मैदान, १२ चेंडू, ४० मार्कर, दोन रंगांची बिब. रचना ४-३-३. खाली खेळाडूंचा उल्लेख जागेच्या नंबराने आहे: १ कीपर, २ उजवा आणि ३ डावा साइड बॅक, ४ आणि ५ स्टॉपर (बचावातले मधले दोघे), ६ बचावाच्या पुढ्यातला हाफ, ८ आणि १० त्याच्या पुढचे, ७ आणि ११ विंगर, ९ स्ट्रायकर.

सत्र १, मंगळवार

काहीही शिकवायच्या आधी मोजणी. २० गोल किक. कीपर धरून ८ जण चेंडू काढणारे, समोर ६ जण पूर्ण जोराने दाब देणारे. चेंडू ताब्यात ठेवून मध्यरेषा ओलांडली ३ वेळा. १७ वेळा गेला, त्यातला ९ वेळा साइड बॅकच्या पायातून बाजूरेषेजवळ, ५ वेळा ६ नंबरकडून, ३ वेळा पासच चुकला.

निष्कर्ष काढला की पास कच्चे आहेत. तो चुकला, आणि त्यापायी पुढची दोन सत्रं गेली. खरं तर आकडेच सांगत होते: पास चुकून चेंडू गेला फक्त तीनदा. वहीत चेंडू कुठे गेला तेवढंच लिहिलं होतं. त्याच्या आधीच्या पासाच्या वेळी कोण कुठे, कुणीकडे तोंड करून उभा होता हा रकानाच नव्हता. मोजणी करणार असाल तर तो रकाना आधी आखा.

सत्र २ आणि ३, शुक्रवार आणि मंगळवार

१० बाय १० मीटरचे दोन चौकोन, प्रत्येकी ८ जण, एक चेंडू, पास द्यायचा आणि पासामागे धावत पुढच्या कोपऱ्यात जायचं. दिसायला सुरेख. हिशेब मांडला तर पोकळ. तीन सेकंदांना एक पास धरला तर आठ जणांत एकाची पाळी २४ सेकंदांनी येते. २० मिनिटांत एका मुलाचे जेमतेम ५० पास, उरलेला वेळ रांगेत. शिवाय चेंडू कुठून येणार आणि कुठे द्यायचा हे आधीच ठरलेलं, म्हणून मान वर करायची गरजच नाही. सत्र ३ च्या शेवटी ६ जण समोर उभे केले, तर पहिल्या दिवशीचंच चित्र.

यात आणखी २० मिनिटं चेंडूंच्या हवेत गेली. १२ पैकी ४ चेंडू मऊ, ३ दगडासारखे. दगडी चेंडू पहिल्या टचलाच गुडघ्यापर्यंत उडतो आणि मुलाला वाटतं आपलाच पाय वाईट. नियमात ०.६ ते १.१ ॲटमॉस्फियर, म्हणजे साधारण ८.५ ते १५.६ पीएसआय इतकी सूट आहे. सगळे १० ते ११ पीएसआयवर आणले. दाब मोजणारा पंप पिशवीतच ठेवायचा आणि हवा मुलं यायच्या आधी बघायची.

रात्री सत्र १ चं चित्रण परत पाहिलं. मोबाइल गोलच्या मागे उंचावर बांधला होता, तेवढं मात्र बरोबर केलं होतं. बाजूने घेतलं असतं तर खेळाडूंमधलं आडवं अंतर कळलं नसतं. गेलेल्या ९ पैकी ७ वेळा साइड बॅक चुन्याच्या रेषेवर, स्टॉपरच्या अगदी आडव्या रांगेत उभा होता. पास आडवा आला, त्याचं तोंड रेषेकडे, पाठ मैदानाकडे. दाब देणाऱ्याला पळायलाही लागलं नाही, रेषेनेच अर्धं काम केलं. म्हणजे दोष पासाचा नव्हता, उभं राहण्याचा होता.

सत्र ४, शुक्रवार

रिंगण: बाहेर ४, आत २. १० बाय १० मीटरवर सुरू केलं, सरासरी तीन पासांत खेळ संपत होता. १२ बाय १२ केल्यावर सहा-सात पास होऊ लागले. ज्या मापात सहा-सात पास होतात ते माप धरावं. पंधरा-वीस होत असतील तर चौकोन लहान करायचा.

लक्ष ठेवायच्या गोष्टी दोनच ठरवल्या. बाहेरच्याने कोपऱ्यात न थांबता बाजूच्या मध्याजवळ राहायचं, चेंडूप्रमाणे दोन-तीन पावलं सरकायचं. आणि पास घेणाऱ्याच्या लांबच्या पायावर द्यायचा. लांबच्या पायावर आलेला चेंडू घेताना अंग आपोआप उघडतं, अर्धं मैदान दिसतं. जवळच्या पायावर दिला की तो वळतो आणि दाब देणाऱ्याला पाठ दाखवतो.

मोडलं ते नियमामुळे. 'ज्याच्याकडून गेला तो आत' असं ठेवलं होतं. दहा मिनिटांत आत तेच ते तिघे. एकदा आत गेलेला दमतो, बाहेर आला की घाईत मारतो, परत आत. बाकीचेही जोखमीचा पास टाळून फक्त शेजाऱ्याला देत राहिले. बदल असा: आतली जोडी ६० सेकंद, शिटी झाली की पुढची जोडी, चेंडू किती वेळा हिसकावला ते मोजायचं. दोघांच्या मधून गेलेल्या पासाला बाहेरच्यांना १ गुण. लगेच मधले पास वाढले. दोन्ही कीपर पहिल्यापासून बाहेरच्या चौघांत घेतले, हातमोजे काढून.

सत्र ५, मंगळवार

विषय: चेंडू यायच्या आधी मागे बघणं. नेहमीची युक्ती करून पाहिली, मागे उभं राहून बोटं दाखवायची आणि घेणाऱ्याने आकडा ओरडायचा. आकडा बरोबर येतो, खेळ तसाच राहतो. मुलं मान वळवतात ती मास्तरसाठी. बोटं पाहून पुढच्या निर्णयात काही फरक पडत नाही.

जमलं ते असं. तिघं एका ओळीत, १२-१२ मीटरवर: देणारा, मधला, पलीकडचा. मधल्याच्या मागे ४ मीटरवर एक दाब देणारा. देणाऱ्याच्या पायातून चेंडू सुटला की दाब देणाऱ्याने मनाने ठरवायचं, धावून यायचं की जागेवर थांबायचं. आला तर मधल्याने एका टचमध्ये परत द्यायचा. नाही आला तर वळून पलीकडच्याला. आता मागे न बघता गत्यंतर नाही, कारण न बघता वळला की पायात पाय.

बघायची वेळ इथे फार नीट शिकवावी लागली. बहुतेक जण चेंडू आपल्याकडे निघाल्यावर मान वळवत होते, परत पुढे बघेपर्यंत चेंडू नडगीवर. बरोबर वेळ म्हणजे चेंडू देणाऱ्याकडे येत असताना एक नजर, आणि देणारा पाय मागे नेतो त्या क्षणी दुसरी, झटकन. त्यानंतर नजर चेंडूवर. ६ नंबरला हे जमायला पूर्ण सत्र लागलं, पण याच सत्राचा उपयोग पुढे सगळ्यात जास्त झाला.

सत्र ६, शुक्रवार

आता मांडणी. २०१९ पासून गोल किक मारली आणि चेंडू स्पष्ट हलला की खेळात आला. तो बॉक्सबाहेर (गोलसमोरच्या मोठ्या चौकटीबाहेर) जायची वाट बघावी लागत नाही. आपले खेळाडू बॉक्समध्ये उभे राहू शकतात, समोरच्यांनी चेंडू खेळात येईपर्यंत बाहेर थांबायचं. तरी आपले स्टॉपर जुन्या सवयीने बॉक्सच्या बाहेर, थेट स्ट्रायकरच्या शेजारी उभे. फुकट मिळालेली जागा वापरलीच जात नव्हती.

४ आणि ५ ला बॉक्सच्या आत घेतलं: छोट्या चौकटीच्या पुढच्या रेषेला समांतर, बॉक्सच्या बाजूच्या रेषेपासून पाच पावलं आत. चेंडू छोट्या चौकटीच्या मधोमध. कीपर तो कोपऱ्यात ठेवत होता, लांब मारायची सवय. कोपऱ्यात ठेवला की एक स्टॉपर ६-७ मीटरवर आणि दुसरा २५ मीटरवर, म्हणजे कुठे देणार हे समोरच्याला आधीच कळतं. मध्यावरून दोघेही १५ मीटरच्या आसपास. बॉक्सच्या पुढच्या रेषेवरून निघालेल्या स्ट्रायकरला किमान ११ मीटर कापायला दोन सेकंदांहून जास्त लागतात, पास पोचायला सव्वा-दीड. उरतो जेमतेम सेकंद, पण पहिला टच पुढे घ्यायला तो पुरतो. पहिला टच जागच्या जागी मारला तर मात्र तोही जातो.

२ आणि ३ ला रेषेवरून ५-६ मीटर आत आणि स्टॉपरच्या १२-१५ मीटर पुढे आणलं, म्हणजे पास आडवा न जाता तिरका जातो आणि घेणाऱ्याला पुढचं दिसतं. ६ नंबर समोरच्यांच्या ९ च्या पाठीमागे नेमका लपत होता. स्टॉपरला तो दिसतो, पण मधल्या वाटेवर स्ट्रायकरचा पाय. ६ ला एकच सूचना: 'चेंडू ज्याच्याकडे आहे त्याचे बूट तुला दिसले पाहिजेत.' छाती दिसून उपयोग नाही, पास जमिनीवरून येणार आहे.

विरोधक नसताना ही मांडणी चालवून घ्यायला १० मिनिटं ठेवली होती, २५ गेली. पुन्हा करायचं तर ५ मिनिटांत दोन जण समोर उभे करू. रिकाम्या मैदानात सगळेच बरोबर उभे राहतात.

रविवार, सामना

दोन गोल याच प्रकाराने खाल्ले. पहिला: ४ ने चेंडू घेऊन एकाला चकवलं, दुसऱ्यालाही चकवायला गेला, आपल्याच बॉक्समध्ये. दुसरा: कीपरने ६ ला सरळ मधून दिला, ६ ची पाठ समोरच्या गोलकडे, मागे माणूस, एका टचने परत द्यायलाही कोणी जवळ नाही. बाहेरून पालकांचं 'लांब मार' सुरू झालं आणि दुसऱ्या हाफमध्ये सगळ्या किक लांब गेल्या.

पालकांचं ओरडणं अगदीच चूक नव्हतं. लांब कधी मारायची हे मुलांना सांगितलंच नव्हतं, तो दोष आखणीचा.

सत्र ७, मंगळवार

दोन गोष्टी ठरवून पाठ करून घेतल्या. मधून ६ ला पास तेव्हाच, जेव्हा तो वळू शकतो किंवा एका टचमध्ये द्यायला ८-१० मीटरवर कोणी आहे. दोन्ही नसेल तर बाजूने किंवा कीपरकडे परत.

दुसरी, लांब मारायची खूण. किक घ्यायच्या आधी कीपरने समोरचे मोजायचे. आपल्या अर्ध्यात ते ६ असतील तर कीपर, चार बॅक आणि तिघं हाफ मिळून आपण ८, खेळवायचं. ७ किंवा ८ आले आणि एकेकाला एकेक चिकटला, तर पुढे आपले तिघं आणि त्यांचे दोन-तीन, मागे भरपूर मोकळी जागा. मग लांबच. मात्र ठरवून: चेंडू ११ च्या बाजूला, ९ उडी घेणार, ८ आणि १० दुसऱ्या चेंडूसाठी (म्हणजे उडीनंतर सुटलेल्या चेंडूसाठी) त्याच्याभोवती १० मीटरच्या आत. गोल किकवरून थेट आलेल्या चेंडूला ऑफसाइड नाही, ही सवलत मुलांना फार आवडली. या वयाच्या कीपरची किक बहुधा मध्यरेषेच्या अलीकडेच पडते, आणि स्वतःच्या अर्ध्यात तसाही ऑफसाइड नसतो. सवलत आहे, पाय पोचत नाही.

सत्र ८, शुक्रवार

आलेच ११. बचावाचे ५ आणि कीपर विरुद्ध ४, एक जण पाणी पीत बदली. खोली कमी, फेऱ्या जास्त. वाईट झालं नाही.

उरलेला वेळ कीपरवर. परतीच्या पासाचं एक कलम पक्कं केलं: कीपरने पास मागताना गोलच्या चौकटीच्या बाहेर, खांबाच्या दोन-तीन मीटर पलीकडे सरकायचं आणि स्टॉपरनेही तिकडेच द्यायचा. हुकला तर कॉर्नर, गोल नाही. सहकाऱ्याने मुद्दाम पायाने दिलेला पास हातात घेता येत नाही, तेव्हा डावा पायही चालायला हवा. रोज १० मिनिटं, उजवीकडून आलेला डाव्याने थांबवून डावीकडे, मग उलट.

सत्र ९, मंगळवार

तिसरा माणूस. ४ कडून ६, ६ कडून एका टचमध्ये २, आणि २ चं तोंड पुढे. स्ट्रायकर ४ आणि २ च्या मधली वाट बंद करत येतो, म्हणून थेट देता येत नाही. ६ ला फक्त भिंत व्हायचं आहे.

पहिल्या १५ फेऱ्यांत २ जमल्या. कारणं दोन निघाली. ४ चा पास मऊ. मऊ पास ६ पर्यंत पोचेतो त्याचा माणूसही पोचतो. शिवाय मऊ चेंडूला एका टचमध्ये वेग द्यायला ६ ला पाय फिरवावा लागतो आणि दिशा जाते. कडक आला तर नुसता पाय कोनात धरला की काम होतं. ४ ला सांगितलं, '६ च्या पायातून पलीकडच्या मार्करवर आपटायचाय असा मार.'

दुसरं, २ तीन पावलं आधी निघत होता. तो आधी निघाला की समोरचा विंगर जागा होतो आणि चेंडू येईपर्यंत २ थांबून उभा. ४ च्या पायातून चेंडू सुटला, की तेव्हा निघायचं. तोंडी सांगून जमलं नाही. मग ४ ने मारताना स्वतः 'जा' म्हणायचं असं केलं. पाच-सहा फेऱ्यांनी शब्द काढून टाकला, वेळ राहिली. पुढच्या १५ मध्ये ९.

सत्र १०, शुक्रवार

८ विरुद्ध ६ चा खेळ, अर्ध्या मैदानात, मध्यरेषेवर ३-३ मीटरची तीन दारं. दारातून पास गेला तर १ गुण. दाब देणाऱ्यांनी हिसकावून ८ सेकंदांत गोल केला तर त्यांना २. इथे चूक झाली: दोन गुणांच्या धाकाने ४ आणि ५ पहिल्याच टचला बाहेर मारू लागले. दोन्हीकडे १-१ केलं, खेळ परत सुरू. ४ मिनिटांच्या चार फेऱ्या, मधे ९० सेकंद.

दुसरी चूक शिटीची. पहिल्या दोन फेऱ्यांत खेळ १४ वेळा थांबवला. थांबवून सांगितलेलं बरोबर असतं, पण मुलं पुढच्या शिटीची वाट बघत खेळतात. नंतर फेरीला एकच थांबा, बाकी पाणी पिताना.

दाब देणारे चेंडू नेहमी कीपरकडूनच निघणार हे जाणून रेषेवर टपून बसत होते. म्हणून दर तिसरी सुरुवात बाहेरून वेगळा चेंडू टाकून केली.

सत्र ११, मंगळवार

मैदानात पाणी. साचलेल्या जागी चेंडू थांबतो, बाकी ठिकाणी सटकतो. खेळवत आणायचा सराव रद्द, दुसऱ्या चेंडूचा सराव घेतला. अशा मैदानावर सामना आला तरी हेच करायचं, हे मुलांना सांगून ठेवलं.

सत्र १२, शुक्रवार

पुन्हा २० गोल किक, तेच ६ जण, पण त्यांना मोकळीक: हवे तर सातवा आत आणा. १३ वेळा खेळवत आणायचं ठरलं, त्यात ९ वेळा मध्यरेषा ओलांडली. ७ वेळा कीपरने मोजून लांब मारली, दुसरा चेंडू आपल्याला ४ वेळा.

गेलेल्या ४ पैकी ३ डावीकडून. ३ नंबर उजव्या पायाचा आहे. तिरका पास त्याच्या डाव्यावर येतो, तो आत वळून उजव्यावर घेतो आणि सरळ दाबात शिरतो. डावा पाय तयार व्हायला महिने लागतील. तोवर तीन सत्रं १० ला डावीकडे ८ मीटर खाली आणून पाहायचं, म्हणजे ३ आत वळला तरी उजव्याने द्यायला समोर माणूस असेल. त्याने १० ची पुढची जागा रिकामी पडते. ११ ला आत घ्यायचं की नाही ते चित्रण बघून ठरेल. या वेळी वहीत दुसरा रकाना आहे.